सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात नेमकं काय शिजत असतं?

कचऱ्याच्या डब्याजवळून नाक दाबून जाताना आपण म्हणतो, कचरा सडलाय म्हणून वास मारतोय. पण नुसतं सडल्याने एवढा वास येत नाही, झाडाखाली पानांचा ढीग सडत असतो तिथे तर छान मातीचा वास येतो. फरक पडतो तो हवेमुळे.

आपण काय करतो, ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबतो, वरून घट्ट गाठ मारतो, आणि झालं आपलं काम. आतला ऑक्सिजन जिवाणू भराभर संपवतात आणि मग हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य सुरू होतं. हे लोक अन्नाचं पूर्ण विघटन करत नाहीत, अर्धवट करून सोडतात, त्यातून ब्युटिरिक ॲसिड तयार होतं (उलटीला जो आंबूस वास येतो ना, तो याचाच) आणि हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. हा वायू हवेच्या एक अब्ज भागांत मोजके काही भाग असला तरी आपल्या नाकाला कळतो, त्यामुळे एका घरातली एक फुटकी पिशवी अख्ख्या जिन्याला पुरते. पुढे ती पिशवी डंपिंग ग्राउंडवर दबली की त्यातून मिथेन निघतो, जो १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरून ठेवतो.

उपाय अगदी साधा. ओल्या कचऱ्यातलं पाणी निथळू द्या, पिशवीशिवाय डब्यात टाका, आणि कंपोस्ट करत असाल तर सुका पाला किंवा पुठ्ठ्याचे तुकडे भरपूर मिसळा. कंपोस्टला नायट्रोजनच्या साधारण ३० पट कार्बन लागतो, स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात तो कमी पडतो, तो पाल्यातून मिळतो, शिवाय पाल्यामुळे मधे हवाही खेळते. जमून आलं तर ढीग आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो आणि बरेचसे रोगजंतू तिथेच मरतात. डबा मात्र आठवडाभर भरलेला ठेवू नका, कारण गरम हवेत घरमाशीचं अंडं ते उडणारी माशी हा प्रवास आठवड्या-दीड आठवड्यात उरकतो.

वासाचं एक वेळ ठीक, कळतो तरी. मला जास्त भीती वाटते ती जुन्या मोबाईलच्या बॅटरीची. लिथियम बॅटरीत दोन इलेक्ट्रोड्सच्या मधे प्लास्टिकचा अगदी पातळ पडदा असतो, कचऱ्याच्या गाडीत माल दाबला जातो तेव्हा तो फाटतो, आत शॉर्ट सर्किट होतं, बॅटरी स्वतःच स्वतःला तापवत जाते आणि आजूबाजूला तुम्हीच टाकलेला कागद-पुठ्ठा तयारच असतो! बरं, बॅटरी "डेड" झाली म्हणजे रिकामी झाली असं नाही, थोडी ऊर्जा आत शिल्लक असतेच. टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचऱ्यातच द्या.

आता मोरीचं बघू, कारण पाइपलाइनही सगळ्यांची एकच. तळणाचं तेल गरम पाण्यासोबत सोडलं की गेलं असं वाटतं, ते जातं फक्त थोडं पुढे, तिथे थंड होऊन पाइपच्या भिंतीला धरतं. मग त्यातली फॅटी ॲसिड्स पाण्यातल्या आणि काँक्रीटमधल्या कॅल्शियमशी जुळून साबणासारखा कडक थर बनवतात, त्यात कोणीतरी फ्लश केलेले वेट वाइप्स अडकतात. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात असाच २५० मीटर लांबीचा, साधारण १३० टनांचा गोळा सापडला होता. तुमच्या बिल्डिंगमध्ये एवढा नाही होणार, पण तुंबलं की घाण पाणी उलटं येतं ते तळमजल्याच्या घरात, तेल चौथ्या मजल्यावरून गेलेलं असलं तरी. थंड तेल बाटलीत भरून ठेवा, कढई कागदाने पुसून मग धुवा.

ब्लीच आणि ॲसिडवाला टॉयलेट क्लीनर हे दोन्ही उरलेले असतील तर एकत्र ओतू नका, क्लोरीन वायू निघतो. आणि सीएफएल दिवा फुटला तर आधी खिडक्या उघडा, पाच-दहा मिनिटं बाहेर थांबा, मग जाड कागदाने तुकडे गोळा करून झाकणाच्या बरणीत भरा. व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नको, त्याने आतला पारा घरभर उडतो. बरणीवर मोठ्या अक्षरात "फुटलेला दिवा" लिहा, कचरा वेगळा करणारा माणूस हातानेच करतो.