झेडएक्स स्पेक्ट्रम आणि डीबी स्पेक्ट्रम प्लस : दुरुस्तीला देण्याआधी वाचा

हे पत्रक ४८ के झेडएक्स स्पेक्ट्रम, स्पेक्ट्रम प्लस आणि भारतात परवान्याने तयार झालेला डीबी स्पेक्ट्रम प्लस या संगणकांसाठी आहे. मूळ स्पेक्ट्रम केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने एप्रिल १९८२ मध्ये आणला, प्लस १९८४ मध्ये आला आणि १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो इथे विकला. रबरी बटणांच्या आणि प्लसच्या मॉडेलांत फरक मुख्यतः डबी आणि कीबोर्डचा आहे. आतला बोर्ड जवळपास एकाच घराण्यातला, त्यामुळे बिघाडही सारखेच.

आधी एक विनंती: चालू करून बघू नका

माळ्यावरून काढलेला संगणक 'एकदा लावून बघू' म्हणून चालू केला जातो आणि त्या एका मिनिटात दोनशे रुपयांचे काम दोन हजारांवर जाते. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतात आणि त्याच्या अ‍ॅडॅप्टरच्या पिनला मधे ऋण, बाहेर धन असते. आज बाजारात मिळणारे बहुतेक अ‍ॅडॅप्टर नेमके उलटे असतात, मधे धन. पिन मात्र तशीच, २.१ मिमी भोकाची, आणि ती आरामात बसते. उलट्या वीजप्रवाहापासून वाचवणारे काहीही या बोर्डावर नाही.

मूळ अ‍ॅडॅप्टर सापडला तरी तो तपासल्याशिवाय लावू नका. त्यावर ९ व्होल्ट, १.४ अँपियर असे छापलेले असते, पण तो रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा, नाही. मोकळा मोजला तर मल्टिमीटरवर १२-१३ व्होल्ट दिसतात. हा दोष नव्हे, भार आल्यावर ते खाली येतात. मात्र ट्रान्सफॉर्मर गुणगुणत असेल, वायर कडक होऊन तडकली असेल किंवा भारावर व्होल्टेज ९ च्या खाली जात असेल, तर तो निवृत्त करा. त्या जागी ९ व्होल्ट, २ अँपियरचा, मधे ऋण असलेला रेग्युलेटेड अ‍ॅडॅप्टर आम्ही देतो. त्याचा आणखी एक फायदा आहे. बोर्डावरचा ७८०५ रेग्युलेटर उरलेले व्होल्ट उष्णता करून टाकतो. पाऊण अँपियर प्रवाहाला ९ व्होल्ट दिले तर तीन वॅट, १२ दिले तर सव्वापाच वॅट. स्पेक्ट्रमची डबी एका बाजूला चटके बसतील इतकी तापते ती यामुळेच.

आम्ही तपासणी कुठून सुरू करतो

अ‍ॅडॅप्टर न लावता, ओहममीटरने. ४८ के बोर्डाला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: +५, +१२ आणि −५. +५ हे ७८०५ देतो. +१२ आणि −५ बोर्डावरच एका लहानशा कॉइलभोवती तयार होतात आणि ती कॉइल टीआर ४ हा ट्रान्झिस्टर (झेडटीएक्स ६५०) चालवतो. जोडीला टीआर ५ (झेडटीएक्स २१३) असतो.

खालच्या १६ के मेमरीच्या आठ ४११६ चिपांना तिन्ही व्होल्टेज लागतात. त्यांच्या पिना नेहमीच्या चिपांसारख्या नाहीत, हे घरी मोजणाऱ्यांनी लक्षात ठेवावे: पिन १ ला −५, पिन ८ ला +१२, पिन ९ ला +५ आणि ग्राउंड पिन १६ वर. सवयीने पिन ८ ला ग्राउंड आणि १६ ला +५ धरून प्रोब लावलात तर आकडे भलतेच येतील, आणि प्रोब घसरून चिपच्या एकाच टोकाला समोरासमोर असलेल्या ८ आणि ९ जोडल्या गेल्या तर +१२ थेट +५ च्या लाइनवर जाईल.

वीज बंद असताना पिन १ व १६ आणि पिन ८ व १६ यांच्यातला रोध बघतो. काही ओहम एवढाच आला तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि अशा बोर्डाला वीज द्यायचीच नाही. रोध ठीक असेल तरच करंट मर्यादित केलेल्या बेंच पुरवठ्यावर बोर्ड लावतो. मान्य मर्यादा अशा: +५ हे ४.७५ ते ५.२५, +१२ हे १०.८ ते १३.२, −५ हे −४.५ ते −५.५.

इथे बहुतेक घरगुती दुरुस्त्या फसतात. टीआर ४ जळलेला दिसतो, नवा बसवला जातो, आणि तोही चालू करताच जातो. टीआर ४ सहसा आपणहून जात नाही. एखादी ४११६ आतून शॉर्ट होते, किंवा मागच्या कनेक्टरवर जॉयस्टिकचा इंटरफेस चालू असताना बसवला-काढला जातो आणि तिरका होऊन शेजारच्या पट्ट्या जोडल्या जातात. ट्रान्झिस्टर हा परिणाम आहे. कारण शोधल्याशिवाय आम्ही टीआर ४ बदलत नाही. कॉइलची तार काळी पडली असेल तर तीही जाते, कारण तारेवरचे लाखेचे आवरण जळून वेढे आपसांत शॉर्ट झालेले असतात.

−५ चे महत्त्व वेगळे सांगायला हवे. ते एकटे गेले आणि +१२ राहिले, तर ४११६ चिपा तापून कायमच्या मरतात. म्हणून मोजताना आधी −५ बघायचे, मग बाकीचे.

पडदा काय सांगतो

चांगला स्पेक्ट्रम चालू होताना एक ठरलेला क्रम दिसतो. क्षणभर काळा पडदा आणि त्यावर बारीक लाल उभ्या रेघा, मग पांढरा पडदा, आणि तळाला सिंक्लेअर रिसर्चची १९८२ ची ओळ. त्या लाल रेघा म्हणजे मेमरीची तपासणी. रॉम प्रत्येक घरात २ हा आकडा भरते. चित्राच्या जागेत २ म्हणजे आठ ठिपक्यांपैकी उजवीकडून दुसरा पेटलेला, आणि रंगाच्या जागेत २ म्हणजे काळ्यावर लाल. नंतर तो आकडा दोनदा एकेकाने कमी करून शून्यावर आणला जातो आणि पडदा साफ होतो.

लाल रेघांपर्यंत येऊन पुढे जात नसेल, तर प्रोसेसर, रॉम आणि यूएलए (चित्र आणि कीबोर्ड सांभाळणारी खास चिप) बऱ्याच अंशी जिवंत आहेत आणि संशय मेमरीवर. रेघा न येताच रंगीबेरंगी चौकटींचा गोधडीसारखा पट स्थिर दिसत असेल, तर प्रोसेसर काम सुरूच करत नाही. मग झेड ८० च्या, म्हणजे प्रोसेसरच्या, पिन ११ वर +५, पिन ६ वर क्लॉक आणि पिन २६ वर रीसेट बघायचे. रीसेट चालू केल्यावर क्षणात वर गेला पाहिजे. तो खालीच राहिला तर रीसेटचा म्हातारा कॅपॅसिटर दोषी असू शकतो, आणि तो काही रुपयांचा असतो. चित्रच नसेल पण टीव्ही 'सिग्नल नाही' असेही म्हणत नसेल, तर पुन्हा +१२ कडे जा.

स्पेक्ट्रमच्या मेमरीची खुबी अशी की प्रत्येक चिप बाइटचा एकच बिट सांभाळते. खालच्या १६ के साठी आयसी (चिप) ६ ते आयसी १३: आयसी ६ म्हणजे बिट ०, आयसी १३ म्हणजे बिट ७. पडद्याची मेमरी (६१४४ बाइट चित्र आणि ७६८ बाइट रंग) याच भागात असते. त्यामुळे एक चिप गेली की पडद्यावर दर आठ ठिपक्यांनी एक उभी रेघ दिसते, एकूण बत्तीस. रेघ प्रत्येक चौकटीच्या अगदी उजव्या कडेला असेल तर आयसी ६, अगदी डाव्या कडेला असेल तर आयसी १३. असा फोटो आधीच पाठवलात तर कोणती चिप काढायची हे बोर्ड हातात येण्यापूर्वीच आम्हांला जवळजवळ कळते.

वरच्या ३२ के चा बिघाड वेगळा दिसतो: संगणक व्यवस्थित चालू होतो, पण मोठे गेम लोड होत नाहीत. तेव्हा हे टाइप करा: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आले तर सगळी मेमरी दिसते आहे. ३२७६७ आले तर वरची पूर्ण गायब. मधलाच आकडा आला तर तपासणी त्या पत्त्याच्या आसपास अडली.

या वरच्या मेमरीत (आयसी १५ ते २२) एक जुनी काटकसर दडली आहे. तिथल्या चिपा मुळात ६४ के च्या, पण अर्धा भाग सदोष निघाल्याने ३२ के म्हणून विकलेल्या. चांगला अर्धा वरचा की खालचा, हे बोर्डावरच्या एका तारेच्या जोडणीने ठरते आणि आठही चिपा त्याच प्रकारच्या लागतात. जुन्या संगणकातून काढलेली चिप डोळे झाकून बसवली तर चूक होते ती इथे. आम्ही त्या जागी पूर्ण ६४ के चांगली असलेली ४१६४ चिप वापरतो, तिला दोन्ही अर्धे चालतात. पण हीच ४१६४ खालच्या आठ जागांवर तशीच बसवू नका. तिला पिन ८ वर +५ लागतात, आणि तिथे +१२ आहेत.

कीबोर्ड

सर्वांत जास्त काम याचेच असते. बटणांखाली प्लास्टिकचे पातळ मेम्ब्रेन असते आणि त्याच्या दोन शेपट्या, एक पाच पट्ट्यांची आणि एक आठ पट्ट्यांची, बोर्डातल्या कनेक्टरमध्ये जातात. चाळीस वर्षांत प्लास्टिक ठिसूळ होते आणि जिथे शेपूट दुमडते तिथेच तडकते. डबी उघडताना हिसका बसला तर बरे असलेले मेम्ब्रेनही तुटते. म्हणून उघडणारच असाल तर स्क्रू काढून वरचे झाकण इंचभरच उचला, मग शेपट्या सरळ वर ओढा.

कोणती बटणे मेली यावरून पट्टी ओळखता येते. क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी अशी शेजारची पाच बटणे बंद असतील तर आठच्या शेपटीतली एक पट्टी किंवा तिच्या वाटेवरचा डायोड. १, क्यू, ए, कॅप्स शिफ्ट, ०, पी, एंटर आणि स्पेस ही आठ एकदम बंद असतील तर पाचच्या शेपटीतली. नवे मेम्ब्रेन बसवूनही ही आठ जिवंत झाली नाहीत, तर त्या पट्टीचा यूएलएकडे जाणारा मार्ग गेला असण्याची शक्यता असते, आणि तो खर्च वेगळा.

तडकलेली शेपूट कापून उरलेला तुकडा पुन्हा खोचण्याची युक्ती चालते, पण थोडे दिवसच. चांदीच्या रंगाने पट्टी रंगवणे आम्ही करत नाही. मूळ मापाची नवी मेम्ब्रेन आज तयार होतात, तीच बसवतो. रबरी बटणांची चटई कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा. वरच्या धातूच्या पट्टीला स्पिरिट लावू नका, छपाई जाते.

काय बदलतो, काय बदलत नाही

विद्युत अपघटनी, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सर्वच बदलतो: १, ४.७, २२ आणि १०० मायक्रोफॅरडचे, १०५ अंशांचे. वजाची बाजू नुसत्या छपाईवर विसंबून न ठरवता सर्किटशी पडताळतो. छोटे सिरॅमिक कॅपॅसिटर शॉर्ट नसतील तर हात लावत नाही. ७८०५ च्या जागी न तापणारे स्विचिंग मॉड्यूल बसवणे आमच्या मते उपयोगी आहे, पण बोर्ड मूळ स्थितीत ठेवायचा असेल तर तसे सांगा.

खराब चिप काढताना आम्ही आधी तिचे पाय कापतो आणि मग एकेक पाय ३३० अंशांच्या आसपासच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने काढतो. चिप वाया जाते, पण ती आधीच मेलेली असते. अख्खी चिप उपटण्याच्या नादात भोकांतली तांब्याची नळी निघून येते आणि बोर्डाचे नुकसान भरून निघत नाही. त्या जागी गोल पिनांचे सॉकेट बसते.

यूएलए (आयसी १, फेरांटीची खास चिप) आता तयार होत नाही. जुन्या मिळतात, आधुनिक लॉजिक चिपवर बनवलेल्या बदलीही मिळतात. शेवटचा संशय तिच्यावर घ्यायचा, पहिला नव्हे.

कोकणातून आणि किनाऱ्यालगतच्या गावांतून आलेल्या बोर्डांवर दमटपणाची खूण ठळक असते: चिपांचे पाय काळे, मागचा कनेक्टर हिरवट. झुरळांची विष्ठा तांब्याच्या रेषा खाते, हेही नेहमीचे. असा बोर्ड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुतो आणि कनेक्टर पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासतो. पॉलिश पेपर लावू नका, त्याने पट्टीवरचा मुलामा जातो.

टीव्हीसाठी मूळ मॉड्युलेटर (चित्र अँटेनाच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) तसाच ठेवून, त्याच्याच सॉकेटमधून १०० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरमार्गे कंपोझिट चित्र बाहेर काढतो. हा बदल परत फिरवता येतो. काही नव्या एलसीडींना स्पेक्ट्रमचे सिग्नल पसंत पडत नाहीत, म्हणून तुमच्या टीव्हीचे मॉडेल आधी कळवा.

पाठवताना आणि घरी गेल्यावर

संगणक अँटिस्टॅटिक पिशवीत, मग फुगेवाल्या प्लास्टिकचे दोन थर आणि जाड खोका. थर्माकोलचे दाणे नकोत. अ‍ॅडॅप्टर सोबत द्या, पण वेगळा बांधून, नाहीतर वाटेत तोच बटणांवर आपटतो. पूर्वी कुणी दुरुस्ती केली असेल तर काय केले ते कागदावर लिहा. काढलेला प्रत्येक भाग आम्ही पिशवीत घालून परत देतो.

स्पेक्ट्रमला बंद-चालूचे बटण नाही. प्लसच्या डाव्या बाजूला आहे ते फक्त रीसेट. म्हणून क्रम कायम हाच ठेवा: आधी इंटरफेस, मग टीव्हीची वायर, शेवटी अ‍ॅडॅप्टर. काढताना आधी अ‍ॅडॅप्टर. कॅसेटऐवजी मोबाइलवरून लोड करत असाल तर आवाज पूर्ण ठेवा, ध्वनीचे सगळे इफेक्ट बंद करा आणि मोनो पिनची वायर वापरा. स्टिरिओ पिन पूर्ण आत गेली की संपर्क बिघडतो आणि 'टेप लोडिंग एरर' येते, तेव्हा बोर्ड परत पाठवण्याआधी ही वायर बदलून पाहा.