हवेला वर्दी न देता

लोहगाव, धानोरी, विमाननगर, खराडी या पट्ट्यात राहणाऱ्यांना सुखोईची ओळख करून द्यावी लागत नाही. फोनवर बोलताना "एक मिनिट, विमान चाललंय" म्हणून थांबणं इथे अंगवळणी पडलेलं असतं. सप्टेंबर २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय हवाई दलात दाखल झालं ते लोहगावच्याच तळावर. पुढे २००६ मध्ये डॉ. अब्दुल कलाम आणि २००९ मध्ये प्रतिभाताई पाटील, दोघेही राष्ट्रपतिपदावर असताना, याच धावपट्टीवरून सुखोईत बसून उडाले. साहजिकच पुणेकरांना हे विमान घरचं वाटतं, आणि घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं सगळे त्याच्याबद्दल ठामपणे बोलतात. तावदानं थरथरली की कुणीतरी म्हणतंच, "साउंड बॅरिअर तोडला बघ."

तोडलेला नसतो. उड्डाण घेताना लढाऊ विमानाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास असतो. आवाजाचा वेग त्याच्या चौपट. आपल्याला ऐकू येते ती इंजिनाची गर्जना. टर्बाइनच्या मागे, जळून बाहेर पडणाऱ्या वायूतच पुन्हा इंधन फवारून पेटवतात. हा आफ्टरबर्नर. त्याने सुखोईच्या एका इंजिनाचा रेटा पावणेआठ टनांवरून साडेबारा टनांवर जातो. तो तापलेला झोत बाहेरच्या निवांत हवेत घुसळला जातो, त्या घुसळणीचा हा आवाज. कितीही कर्कश असला तरी तो चढत येतो आणि ओसरत जातो. विमान आवाजाहून वेगात गेलं की होणारा धमाका, म्हणजे सॉनिक बूम, अचानक येतो, धाडकन येतो, आणि वर पाहिलं तर बहुतेक वेळा विमान दिसतच नाही.

२० मे २०२० रोजी बंगळुरूकरांनी तो ऐकला. टाळेबंदीचे दिवस, शहर शांत, त्यात हा धमाका. भूकंपापासून सगळ्या शंका घेऊन झाल्या. मग संरक्षण खात्याचा खुलासा आला: हवाई दलाच्या चाचणी संस्थेचं विमान शहराच्या हद्दीबाहेर, ३६ ते ४० हजार फुटांवर, स्वनातीत, म्हणजे आवाजाहून जास्त, वेगावरून खालच्या वेगावर येत होतं. विमान ६५ ते ८० किलोमीटर दूर असलं तरी हा आवाज पोचू शकतो, असंही त्यात म्हटलं होतं.

विमान पुढे जाताना समोरच्या हवेला ढकलतं. तो धक्का दाबाच्या बारीक लहरींच्या रूपाने चहूकडे पसरतो. दाबाची लहर म्हणजेच आवाज, त्यामुळे ती आवाजाच्याच वेगाने जाते. प्रवासी विमान ताशी साडेआठशे किलोमीटरने धावत असलं तरी त्याच्या येण्याची वर्दी त्याच्याही पुढे धावत असते. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशांचा आवाज आधी पोचतो, गर्दी आपसूक कडेला सरते आणि मिरवणुकीला वाट मिळते, त्यातलाच प्रकार. आता मिरवणूकच ढोलांच्या आवाजाहून वेगात आली तर? कळेपर्यंत रथ अंगावर! हवेची हीच गत होते. स्वनातीत विमानाची खबर तिला आधी मिळणं शक्यच नसतं, म्हणून बाजूला सरण्याचं सगळं काम तिला केसाहूनही कितीतरी पातळ थरात, जवळजवळ क्षणात उरकावं लागतं. त्या थराच्या अलीकडे-पलीकडे दाब, घनता, तापमान सगळं एकदम उडी घेतं. हाच प्रघात तरंग, शॉक वेव्ह.

स्वनातीत उड्डाणाबद्दल बोलताना आपण वेगाचेच आकडे सांगतो. माझ्या मते वेग ही यातली दुय्यम गोष्ट आहे. हवेला वर्दी मिळत नाही, इथूनच विमानाच्या नाकापासून इंधनाच्या टाक्यांपर्यंतच्या सगळ्या भानगडी सुरू होतात.

आवाजाचा वेग ठरतो तो हवेच्या तापमानावरून. पुण्यात डिसेंबरातल्या पहाटे १० अंश असताना तो सेकंदाला सुमारे ३३७ मीटर असतो, एप्रिलातल्या ४० अंशांच्या दुपारी ३५५. अकरा किलोमीटर उंचीवर उणे ५६ अंशांत तो २९५ वर येतो, म्हणजे ताशी साधारण १,०६० किलोमीटर. विमानाचा वेग तिथल्या आवाजाच्या वेगाच्या किती पट, हे सांगणारा आकडा म्हणजे मॅक. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांच्यावरून तो आला. त्यांनी १८८० च्या दशकात उडत्या गोळीभोवतीच्या प्रघात तरंगांचे फोटो काढून दाखवले. विमानाचा तेव्हा पत्ताही नव्हता, पण गोळी कधीच स्वनातीत झाली होती. पाषाणच्या एआरडीई या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत आखणी झालेल्या इन्सास रायफलची गोळी नळीतून सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगाने सुटते, म्हणजे मॅक अडीचच्या पुढे. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी अमेरिकी वैमानिक चक येगरने ज्या बेल एक्स-१ विमानातून मॅक १.०६ गाठला, त्याचा आकारही मशीनगनच्या गोळीवरूनच घेतलेला होता. गोळी त्या वेगाला सरळ जाते एवढं तरी माहीत होतं. विमानाबद्दल तेवढंही नव्हतं.

खरा त्रास होतो तो मॅक १ च्या अलीकडे-पलीकडे. पंखाच्या फुगीर पाठीवरून जाताना हवा वेग घेते. त्यामुळे विमान मॅक ०.८५ ला असतानाच पंखावर काही ठिकाणी ती मॅक १ ओलांडते आणि तिथे छोटे प्रघात तरंग उभे राहतात. त्यांच्या मागची हवा पृष्ठभाग सोडते, पंख थरथरतो, नाक वर-खाली करणारी शेपटीवरची एलेव्हेटरची फळी हलवली तरी उपयोग होत नाही. दुसऱ्या महायुद्धात सूर मारणाऱ्या विमानांचे वैमानिक यातच अडकले. एक्स-१ मध्ये शेपटीच्या आडव्या पंखाचा कोन उड्डाणातच बदलण्याची सोय केली आणि ताबा टिकला.

हवेचा विरोध कमी करण्याचे उपाय मात्र डोक्याने शोधलेले आहेत. १९३५ मध्ये जर्मनीच्या अॅडॉल्फ बुसेमान यांनी पंख मागे झुकवण्याची कल्पना मांडली. झुकलेल्या पंखाला हवेच्या वेगाचा फक्त त्याच्या कडेला काटकोनात असलेला हिस्सा जाणवतो. विमान मॅक १ च्या पुढे गेलं तरी पंखाच्या दृष्टीने ते अजून अलीकडेच असतं. बुसेमान ज्या परंपरेत वाढले ती ग्योटिंगेनच्या लुडविग प्रांटल यांची. आपल्या कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे याच प्रांटल यांचे विद्यार्थी. परत येऊन त्यांनी हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडवलं, ते १९५१ मध्ये उडालं. महाराष्ट्रात हे नाव फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

दुसरा उपाय अमेरिकेच्या रिचर्ड व्हिटकॉम्ब यांचा. मॅक १ च्या आसपास हवेला पंख वेगळा आणि धड वेगळं असं काही दिसत नाही. नाकापासून शेपटीपर्यंत एकूण छेदाचं क्षेत्रफळ कसं वाढतं आणि कमी होतं, तेवढंच तिला जाणवतं. तेव्हा पंख जिथे जोडलाय तिथे धड बारीक करा, असं त्यांनी सांगितलं. कॉन्व्हेअर कंपनीचं एफ-१०२ विमान मॅक १ ओलांडेना. त्याची कंबर बारीक केली आणि १९५४ च्या अखेरीस ते ओलांडून गेलं. आपल्या मारुत या लढाऊ विमानालाही अशीच कंबर होती. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या हाताखाली आखलेलं मारुत १७ जून १९६१ रोजी उडालं. आकार स्वनातीत वेगासाठी केलेला, पण मनाजोगतं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. आफ्टरबर्नर नसलेल्या ऑर्फियस इंजिनांवर त्याने आयुष्य काढलं आणि अपेक्षित वेग कधी दाखवता आला नाही. देशात बनलेलं तेजस १ ऑगस्ट २००३ रोजी मॅक १ पार गेलं.

वर्दी नसण्याचा आणखी एक परिणाम सहज ध्यानात येत नाही. सावकाश उडणाऱ्या विमानात पंखासमोरची हवा आधीच थोडी वर वळलेली असते, त्यामुळे विमानाला वर उचलणारा जोर, म्हणजे उचल, पंखाच्या पुढच्या भागात जास्त मिळते. स्वनातीत वेगाला हवा वळलेली नसते, उचल पंखभर पसरते आणि तिचा मध्य मागे सरकतो. परिणामी नाक खाली झुकू लागतं. कॉन्कॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानात यासाठी टनावारी इंधन पंपाने पुढच्या टाक्यांतून मागे नेत, आणि उतरताना परत पुढे आणत. इंधन हेच तोल सांभाळणारं वजन!

इंजिनाचं दुखणं वेगळं. जेट इंजिनाच्या पुढच्या पात्यांना स्वनातीत हवा चालत नाही. कॉन्कॉर्ड मॅक २ ला असताना इंजिनात शिरणारी हवा मॅक ०.५ च्या आसपास हवी असे, आणि ती तीन-चार मीटरच्या वाटेत मंदावायची. त्यासाठी हवाद्वारात हलत्या उतरत्या पट्ट्या असत. त्यांच्यावर मुद्दाम प्रघात तरंगांची मालिका उभी करायची आणि प्रत्येक तरंगात हवेचा वेग थोडाथोडा कमी करत न्यायचा. एकाच जोरदार तरंगात हे केलं तर ऊर्जा वाया जाते. सुखोईच्या हवाद्वारातही अशाच हलत्या पट्ट्या आहेत. या मंदावण्यात हवा आपोआप दाबली जाते, म्हणजे शत्रूकडूनच काम करून घेतल्यासारखं. वेग आणखी वाढवला तर फिरत्या कॉम्प्रेसरची गरजच संपते, तेच रॅमजेट. मॅक २.८ च्या ब्रह्मोसला आधी घन इंधनाचा बूस्टर वेग देतो, मग रॅमजेट पुढचं काम घेतं. हे अडीच टनांचं क्षेपणास्त्र २०१७ मध्ये सुखोईवरून सोडलं गेलं. त्यासाठी विमानात बदल केले ते नाशिकजवळच्या ओझरला.

उष्णतेचं थोडक्यात सांगतो. समोर आदळून थांबलेली हवा तापते, आणि ही वाढ वेगाच्या वर्गाच्या पटीत होते. बाहेर उणे ५६ अंश असताना मॅक २ ला नाकाच्या टोकाशी ११५ अंशांच्या वर तापमान जातं. कॉन्कॉर्डच्या नाकाला १२७ अंशांची मर्यादा घातली होती, कारण त्यापुढे अॅल्युमिनियमचा मिश्रधातू मऊ पडू लागतो. त्याचा वेग मॅक २ च्या जरा वरच थांबवला तो या धातूपायी. उड्डाणात ते तापून १५ ते २५ सेंटिमीटर लांब होई. मॅक ३ च्या पुढे जायचं तर टायटॅनियम लागतं, आणि अमेरिकेच्या एसआर-७१ या टेहळणी विमानाला ते लागलंच.

आता बूम. लोकांना वाटतं, मॅक १ ओलांडताना एकदा धडाम होतं आणि संपतं. तसं असतं तर समुद्रावर जाऊन ओलांडलं असतं आणि तक्रार मिटली असती! विमान स्वनातीत असेपर्यंत प्रघात तरंगांचा शंकू त्याच्यामागे सतत ओढला जात असतो. शंकूची कड जिथून सरकते तिथल्या माणसाला धमाका ऐकू येतो. पुढच्या गावाला काही सेकंदांनी. नाकाकडच्या तरंगात दाब एकदम चढतो, मग खाली घसरतो आणि शेपटीकडच्या तरंगात पुन्हा उसळून मूळपदावर येतो. दोन उसळ्या, म्हणून मोठ्या विमानाचे दोन धमाके. वैमानिकाला मात्र काही ऐकू येत नाही.

आधीच वेग गाठलेलं कॉन्कॉर्ड १८ किलोमीटर उंचीवरून, मॅक २ ने पुण्याहून नागपूरकडे सरळ गेलं असतं तर? सव्वासहाशे किलोमीटरचं अंतर अठरा मिनिटांत संपलं असतं. धमाक्याचा पट्टा मात्र सुमारे १०० किलोमीटर रुंद. अहिल्यानगर, जालना, वाशीम, वर्धा सगळे त्यात. वाशीममध्ये लोक दचकून वर पाहतील तोवर विमान तीसेक किलोमीटर पुढे. हा दाब तसा किरकोळ, १०० पास्कलच्या आसपास, म्हणजे हवेच्या एरवीच्या दाबाचा हजारावा भाग. पण तो काही मिलिसेकंदांत चढतो आणि कान दचकतो तो या चढण्याला.

माणसं हे सोसतील का, हे अमेरिकेने १९६४ मध्ये ओक्लाहोमा सिटीवर आजमावून पाहिलं. सहा महिन्यांत शहराला १,२५३ धमाके ऐकवले. शेवटी चारातल्या एकाहून जास्त लोकांनी सांगितलं, आम्हाला हे जमणार नाही. १९७३ मध्ये तिथे जमिनीवरून नागरी स्वनातीत उड्डाणाला बंदी आली. कॉन्कॉर्ड १९७६ पासून २००३ पर्यंत चाललं ते मुख्यतः अटलांटिकवरून. एअर इंडियानेही दोन कॉन्कॉर्डसाठी हक्क राखून ठेवले होते. घेतली नाहीत ते बरं झालं. शंभरेक प्रवाशांसाठी ९५ टन इंधन वाहणारं विमान आपल्याला झेपलं नसतं.

धमाका मऊ करण्याचे दोन मार्ग अलीकडे आजमावले गेले. पहिला नासाच्या एक्स-५९ चा. विमानाच्या प्रत्येक उंचवट्यातून एक छोटा तरंग निघतो आणि खाली येईपर्यंत ते सगळे एकमेकांना गाठून दोन मोठे तरंग बनतात. ते एकमेकांना गाठूच नयेत असा आकार दिला तर? म्हणून एक्स-५९ चं नाक इतकं लांब, की तीस मीटरच्या विमानात जवळपास एक तृतीयांश नाकच आहे. वैमानिकाला समोर काचही नाही, तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहतो. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचं पहिलं उड्डाण झालं, आवाजाहून कमी वेगाचं.

दुसरा मार्ग हवेनेच दिलेला आहे. वर थंड हवेत आवाज सावकाश जातो, खाली उष्ण हवेत वेगाने. त्यामुळे खाली येणारा तरंग वाकत वाकत परत वर वळतो. विमानाचा वेग जमिनीजवळच्या आवाजाच्या वेगापेक्षा कमी ठेवला, तर धमाका जमिनीवर पोचतच नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या बूम कंपनीच्या एक्सबी-१ ने मॅक १ ओलांडला आणि खाली धमाका ऐकू आला नाही, तो याच कारणाने. पुण्याचं गणित मांडून पाहा, वारा बाजूला ठेवून. एप्रिलच्या दुपारी ३५५ भागिले २९५, म्हणजे मॅक १.२ पर्यंत मुभा; डिसेंबरच्या पहाटे जेमतेम १.१४. पुणे-दिल्ली प्रवासात याने पंचवीस-तीस मिनिटं वाचतील. फक्त मॅक १ ते १.२ हाच तो पट्टा आहे, जिथे विमानाच्या आकाराला होणारा हवेचा विरोध वेगाच्या मानाने सर्वांत जास्त भरतो.