मार्च मॅडनेस: टीव्हीवरच्या एक्सपर्ट मंडळींचं ब्रॅकेट दरवर्षी का कोलमडतं

अमेरिकेत मार्चमध्ये कॉलेज बास्केटबॉलची एनसीएए स्पर्धा असते, तिच्या आदल्या रविवारी, म्हणजे सिलेक्शन संडेला, कुठल्या टीम आत आणि कुणाला कितवं सीड (टीम चार गटांत वाटतात आणि प्रत्येक गटात ताकदीप्रमाणे 1 ते 16 क्रमांक देतात, तो क्रमांक) ते जाहीर होतं आणि त्याच रात्री टीव्हीवरचे एक्सपर्ट पहिल्या मॅचपासून फायनलपर्यंत कोण जिंकणार हे सगळं तक्त्यात भरून दाखवतात. हाच तक्ता म्हणजे ब्रॅकेट. तिकडे नोकरीला असलेल्या आपल्याकडच्या कित्येकांनी ऑफिसच्या पूलमध्ये, म्हणजे सगळ्यांनी मिळून लावलेल्या अंदाजांच्या पैजेत, तो कधी ना कधी भरलेला असतो, आणि भरताना बघितलेलं असतं ते याच एक्सपर्ट लोकांकडे. म्हणून त्यांचं नेमकं किती बरोबर येतं हे मागं जाऊन बघायला हवं.

स्पर्धा सुरू झाली 1939 ला, तेव्हा टीम फक्त 8, भाकीत करायला फारसं काही नव्हतंच. 1977 ला न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडवरच्या एका बारमध्ये 88 जणांनी 10-10 डॉलर टाकून पूल लावला, तो सगळ्यात जुन्या पूलपैकी एक धरतात. पण खरी गंमत 1985 पासून, कारण त्या वर्षी टीम 64 झाल्या, म्हणजे 63 मॅच, म्हणजे ब्रॅकेट भरायच्या शक्यता 2 चा 63 वा घात, 9 लिहून पुढे अजून 18 आकडे. आणि त्याच पहिल्या वर्षी 8 वं सीड असलेल्या विलानोवानं जॉर्जटाऊनला फायनलमध्ये हरवलं, इतक्या खालच्या सीडची टीम त्यानंतर 2025 पर्यंत एकदाही चॅम्पियन झालेली नाही. पुढे 2011 ला टीम 68 झाल्या, पण सुरुवातीच्या त्या 4 जादा मॅच बहुतेक पूलमध्ये धरतच नाहीत.

इथं एक फरक नीट लक्षात घ्या, नाहीतर सगळा घोळ होतो. ईएसपीएन या स्पोर्ट्स चॅनेलचा एक्सपर्ट जो लुनार्डी हा ज्यासाठी ओळखला जातो ती ब्रॅकेटॉलॉजी म्हणजे कुठल्या टीम निवडल्या जातील याचा अंदाज, मॅच कोण जिंकणार याचा नाही. त्यात ही मंडळी खरंच तरबेज आहेत, 68 पैकी जवळजवळ सगळी नावं बरोबर येतात, कारण तिथं निवड समिती कसा विचार करते एवढंच ओळखायचं असतं आणि सीझनभराचे रिझल्ट समोर असतात. मॅच जिंकणं हे वेगळंच प्रकरण.

2006 चं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या सिलेक्शन संडेला सीबीएस चॅनेलवर बिली पॅकर आणि जिम नँट्झ या दोघा कॉमेंटेटरनी निवड समितीच्या अध्यक्षांना लाइव्ह धारेवर धरलं, की छोट्या कॉन्फरन्सच्या (कॉलेजांच्या लीगच्या) टीमना इतक्या जागा कशाला दिल्या. आणि त्याच छोट्यांमधली जॉर्ज मेसन, 11 वं सीड, मिशिगन स्टेट, नॉर्थ कॅरोलिना, विचिटा स्टेट आणि ओव्हरटाइममध्ये पहिलं सीड असलेली युकॉन अशा एकेकीला हरवत फायनल फोरला, म्हणजे शेवटच्या चार टीममध्ये, पोचली! ईएसपीएनच्या स्पर्धेत त्या वर्षी 30 लाखांच्या आसपास ब्रॅकेट होती, चारही फायनल फोर टीम बरोबर आल्या त्या फक्त 4 जणांच्या.

2011 ला पुन्हा तेच. व्हीसीयूला घेतलं म्हणून ईएसपीएनवर जे बिलास आणि डिक व्हिटाली दोघंही भडकले, आणि ती टीम जादाच्या मॅचपासून सुरुवात करून कॅन्ससला हरवून फायनल फोरला गेली. यावेळी 59 लाखांत बरोबर निघाली 2. मला राग याचा येतो की या पोरांना खेळायच्या आधीच लायकी नाही म्हणून सांगितलं गेलं.

पण दोष फक्त माणसांचा नाही, खेळच तसा आहे. 5 विरुद्ध 12 सीडची मॅच घ्या, चार गटांत मिळून अशा चार मॅच होतात. 12 वाली टीम साधारण तीनातून एकदा जिंकते हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून एक्सपर्ट चारातल्या एकदोन मॅचमध्ये तिला निवडतो, आणि टीव्हीवर तर अपसेट, म्हणजे खालच्या सीडचा विजय, सांगितल्याशिवाय कार्यक्रम रंगतच नाही. आता हिशोब करा, डोळे मिटून चारही वेळा 5 वाली घेतली तर साधारण 65 टक्के बरोबर, आणि तीनातून एक अपसेट अंदाजानं टाकत बसलात तर 55 च्या आसपास. अपसेट होणार हे माहीत असणं वेगळं आणि कुठला होणार हे माहीत असणं वेगळं. 2009 ला मॅक्रे आणि हर्ट या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी सामान्य लोकांच्या ब्रॅकेटवर नेमकं हेच दाखवलं, की सरळ वरचं सीड निवडलं असतं तर जास्त बरोबर आलं असतं. सीडमध्ये सीझनभराची बहुतेक माहिती आधीच आलेली असते, एक्सपर्टला त्यावर अजून भर घालायची असते आणि तिथंच तो घसरतो.

अर्थात सीडही दगा देतं. 2018 ला यूएमबीसीनं व्हर्जिनियाला 74-54 हरवलं, त्याआधी पहिल्या सीडची टीम 16 व्या सीडकडून पुरुषांच्या स्पर्धेत एकदाही हरली नव्हती, सलग 135 मॅच. 2023 ला फायनल फोरमध्ये पहिलं सीड एकही नाही, आणि 2025 ला चारही पहिलीच, जे त्याआधी फक्त 2008 ला झालं होतं. दोन वर्षांच्या अंतरानं इतका फरक पडत असेल तर टीव्हीवरचा माणूस धरणार तरी काय!

आणि सगळ्यात लांब टिकलेलं ब्रॅकेट कुणाचं, तर 2019 ला ओहायोतल्या एकाचं, ज्याचा स्पोर्ट्स मीडियाशी काही संबंध नाही. पहिल्या 49 मॅच सलग बरोबर, 50 वीत त्यानं टेनेसी धरली होती आणि पर्ड्यू ओव्हरटाइममध्ये 99-94 जिंकली.