भट्टीजवळ टेंपरेचरचा आकडा का नाचतो, त्याची जुनी गोष्ट

इंडक्शन फर्नेसशेजारी (विजेच्या कॉइलने धातू वितळवणारी भट्टी) किंवा व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॅनलमधे थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा टेंपरेचर सेन्सर) लावून ज्यांनी आकडा नाचताना पाहिलाय त्यांना हे नवीन नाही, पण हा घोळ सुरू कुठून झाला ते बघायला मजा येते.

मुळात सिग्नलच किती बारीक आहे बघा. १८२१ मधे झेबेक या शास्त्रज्ञाला सापडलं की दोन वेगळे धातू जोडून एक सांधा तापवला की काहीतरी विद्युत परिणाम दिसतो (त्याला स्वतःला तो चुंबकत्वाचा प्रकार वाटला होता, असो), आणि आज आपण सर्रास वापरतो त्या के टाइप थर्मोकपलमधे एका अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. वितळलेल्या लोखंडासाठी वापरतात त्या प्लॅटिनमच्या एस टाइपमधे तर १०-१२ च. आणि शेजारी शेकडो व्होल्ट उड्या मारतायत!

दुसरा रस्ता रेझिस्टन्सचा (तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो), आणि तो आला समुद्रातून. १८६० च्या आसपास तारायंत्राच्या केबल्स जहाजात गुंडाळून ठेवलेल्या असायच्या, त्या आतून तापल्या की वरचं गटापर्चा (रबरासारखं आवरण) मऊ पडून केबल वाया, आणि ढिगाच्या पोटात पाऱ्याचा थर्मामीटर घालून वाचणार कोण, म्हणून विल्यम सीमेन्सने तांब्याच्या तारेची कॉइल आत ठेवून तिचा रेझिस्टन्स बाहेर मोजला. १८७१ मधे त्याने प्लॅटिनम सुचवलं, पण त्याचे थर्मामीटर तापून थंड झाले की रीडिंग सरकायचं. ते निस्तरलं ह्यू कॅलेंडरने, केंब्रिजला, १८८७ च्या सुमारास: शुद्ध प्लॅटिनम, तारेवर ताण नको. लांब वायरचा स्वतःचा रेझिस्टन्स रीडिंगमधे मिसळतो म्हणून तशीच एक खोटी वायरची जोडी शेजारून नेऊन ब्रिजच्या (रेझिस्टन्स तोलून मोजायच्या सर्किटच्या) दुसऱ्या बाजूला जोडायची, ही आयडियापण त्याचीच. आजच्या पीटी१०० या प्लॅटिनम सेन्सरची तिसरी वायर त्याच घराण्यातली.

तेव्हा नॉइजची (सिग्नलमधे शिरणाऱ्या परक्या विजेची) बोंब फारशी का नव्हती? माझ्या मते मुख्य कारण गॅल्व्हानोमीटरचा, म्हणजे करंट मोजायच्या जुन्या यंत्राचा, आळशीपणा. दोऱ्याला टांगलेली कॉइल, तिला हलायलाच सेकंद लागायचे, विजेच्या लाइनची ५० हर्ट्झची गुणगुण तिला जाणवायचीच नाही, म्हणजे फिल्टर फुकटात होता. बोंब मारली टेलिफोनवाल्यांनी, कारण कान मात्र आळशी नाही. वीज आणि ट्रामच्या तारा शेजारी आल्या की फोनमधे खरखर. बेलने १८८१ मधेच दोन तारांना पीळ घालायचं पेटंट घेतलं होतं: एका वेढ्यात शिरलेला नॉइज पुढच्या वेढ्यात उलटा शिरतो आणि बराचसा कटतो. सेन्सरची वायर आपण पीळ घालून ओढतो ती याच कारणाने.

आता गंमत ऐका. एडविन नॉर्थ्रप नावाचा माणूस, फिलाडेल्फियाच्या लीड्स अँड नॉर्थ्रप कंपनीचा संस्थापक-भागीदार, म्हणजे टेंपरेचर मोजायची उपकरणं बनवणाऱ्यांपैकी. त्यानेच पुढे प्रिन्स्टनला १९१६ च्या सुमारास कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) इंडक्शन फर्नेस उभी केली, तीही स्पार्क गॅपवर, म्हणजे ठिणग्यांवर चालणारी, नॉइजची खाणच! कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमधल्या आजच्या भट्ट्या त्याच वंशातल्या. शहाणा ऑपरेटर पॉवर बंद करून मगच थर्मोकपलची टिप बुडवतो, सेफ्टीसाठी तर हवंच, पण रीडिंगही सरळ येतं.

मधल्या काळात प्लँटमधे हवेच्या दाबाचाच सिग्नल चालायचा, ३ ते १५ पीएसआय, त्याला कसला आलाय नॉइज. तीच कल्पना विजेत आली ती ४-२० मिलिअँप: ट्रान्समीटर सेन्सरच्या डोक्यावरच बसवायचा आणि लांब वायरमधून मायक्रोव्होल्टऐवजी करंट पाठवायचा. करंट ४ च्या खाली गेला म्हणजे वायर तुटली, शून्य अंश नाही. डिजिटल मीटरवाल्यांनी तर जुना आळशीपणा मुद्दाम परत आणला, सिग्नल बरोबर २० मिलिसेकंद साठवायचा, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झची एक पूर्ण सायकल, अधिक-उणे मिळून शून्य.

पण १९८० नंतर आयजीबीटी (विजेचे वेगवान स्विच) आले, ड्राइव्हमधला व्होल्टेज मायक्रोसेकंदाच्याही अंशात चढायला लागला आणि ही गणितं अपुरी पडली, कारण असा कडक झटका इनपुटमधे शिरला की अँप्लिफायर त्यालाच थोडं डीसी करून टाकतो आणि मग कितीही अ‍ॅव्हरेज काढा, रीडिंग ५ अंश वरच. मग आयसोलेशन (सेन्सर आणि मीटर विजेने वेगळे), वायरवरची शील्ड एकाच टोकाला अर्थ, पॉवर केबलचा ट्रे वेगळा. ल्युक्सट्रॉन कंपनीने १९७० च्या दशकाच्या शेवटी तर वायरच काढून टाकली: काचेच्या फायबरच्या टोकाला फॉस्फर (चमकणारं रसायन), त्याच्या चमकेवरून तापमान, आणि पुढे ती चमक किती वेगाने विझते त्यावरून. मायक्रोवेव्हमधे, ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधे हे चालतं, किंमत बघून मात्र घाम फुटतो.

स्वस्तात काम भागवणारे आपण डीएस१८बी२० ही सेन्सर चिप लावतो, ती सीआरसीसकट (चूक पकडायच्या तपासणी-आकड्यासकट) थेट आकडाच पाठवते म्हणून निर्धास्त. माझ्याकडे टाकीवर ती लावलीय, तिथे मोटरचा रिले पडला की मधेच ८५ यायचं. सप्लाय क्षणभर कोसळून चिप रीसेट झाली की मोजण्याआधी तिच्यात हाच आकडा असतो, आणि सीआरसी एकदम बरोबर! कोडमधे ८५ आलं की फेकून द्यायचं असं लिहिलं, आणि मग लक्षात आलं की ही टाकी खरोखर ८५ ला जाते.