‘देव झेपेल तेवढंच देतो’ हे बायबलात नाही

मयताच्या घरी कोणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणतंच, “देव झेपेल तेवढंच दुःख देतो, बायबलात आहे.” असं वचन बायबलात नाही. आधार देतात तो करिंथकरांस पहिल्या पत्राचा, 10:13. ते वचन म्हणतं, देव तुमची परीक्षा शक्तीपलीकडे होऊ देणार नाही. पण तिथे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिणारा प्रेषित पौल मूर्तिपूजा, व्यभिचार, कुरकुर यांबद्दल बोलतोय. मराठीत ‘परीक्षा’ म्हटलं की आपल्याला संकट दिसतं. तिथे रोख मोहावर आहे.

स्वतःच्या दुःखाबद्दल तो दुसऱ्या पत्रात (1:8-9) लिहितो: आशिया प्रांतात भार शक्तीपलीकडचा झाला, जगण्याचीही आशा सुटली, म्हणून भिस्त मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर. पौलालाच झेपलं नव्हतं! तेव्हा जिला झेपत नाही, त्या बाईचा विश्वास कमी पडला असं कृपा करून सुचवू नका.

मग देव कुठे भेटला? त्याच पत्रात, 7:6 मध्ये. मासेदोनियात जिवाला चैन नव्हती, तेव्हा पौलाचा सहकारी तीत आला, आणि त्याच्या येण्याने देवाने धीर दिला. ओळखीचा माणूस दारात, एवढंच. पाहुणे पांगल्यावर, चौथ्या दिवशी शेजारीण भाकरीचा डबा घेऊन येते, काही न बोलता ताट वाढते, तेव्हा मला तीत आठवतो.