ओरडून राग ‘निघतो’ का?

‘साहेब फटकळ आहेत, पण ओरडले की मोकळे होतात, मनात काही ठेवत नाहीत.’ ऑफिसातल्या आरडाओरड्यावर पांघरूण घालणारं हे नेहमीचं वाक्य. समजूत अशी, की राग कुकरमधल्या वाफेसारखा साठतो आणि शिट्टी झाली की संपतो.

तसं होत नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या निबंधांवर मुद्दाम झोंबणारे शेरे मारले गेले. मग काहींना, शेरे मारणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून, पंचिंग बॅगवर गुद्दे हाणायला लावलं. काही नुसतेच बसून राहिले. नंतर त्याच माणसाला कर्कश आवाज ऐकवायची संधी मिळाली, तेव्हा गुद्दे हाणणारेच जास्त चेवाने तुटून पडले.

ओरडल्यावर क्षणभर बरं वाटतं, हे मात्र खरं. गोम तिथेच आहे, कारण बरं वाटलं की सवय लागते. आणि साहेब मोकळे झाले तरी ऐकणारा होत नाही. तो उलट बोलू शकत नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत आपल्या हाताखालच्या कुणावर तरी खेकसतो.

भडकलेलं शरीर शांत करणं उपयोगी पडतं: संथ श्वास, थोडा वेळ जागेवरून उठून जाणं. मग नेमकी चूक कोणती, ते बंद दाराआड सांगावं.