काट्यावरचं वजन आणि व्हॉल्युमेट्रिक वजन: टायरसकट चाकं पाठवताना

पुण्याहून नागपूरला अलॉय चाकांचा सेट टायरसकट पाठवायचा आहे. किलोमागे भाव ठरला, चारही चाकं मिळून काट्यावर ७६ किलो भरली, आणि बिल आलं १३३ किलोचं. अशा वेळी भाव बरोबर असतो, काटाही बरोबर असतो. घोळ असतो तो दोन वजनांचा. वाहतूकदार काट्यावरचं वजन घेतो, मापं घेऊन व्हॉल्युमेट्रिक वजन काढतो आणि दोन्हींपैकी जे जास्त असेल त्यावर भाडं लावतो. बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराने दिलेल्या मालाच्या पावतीवर, ‘चार्ज्ड वेट’ लिहिलेलं असतं ते हेच.

व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणजे नगाने गाडीत अडवलेल्या जागेचं वजन. कुरिअरवाले लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजतात, गुणाकार करतात आणि बहुधा ५००० ने भागतात. ट्रान्सपोर्टवाले घनफूट, म्हणजे सीएफटी काढून त्याला ६, ८ किंवा १० किलोने गुणतात. एका घनफुटात साधारण २८,३१७ घनसेंटीमीटर बसतात. म्हणून ५००० चा भाजक म्हणजे सीएफटीला जेमतेम ५.७ किलो. सीएफटी १० लावणाऱ्याचा किलोचा भाव कमी दिसला तरी तो जागेचे पैसे पावणेदोन पटीने घेत असतो. भाव विचारायच्या आधी ‘सीएफटी कितीचा धरता?’ हे विचारावं.

आता एक चाक मोजू. २०५/५५ आर१६ टायर, म्हणजे रुंदी २०५ मिमी. रिमचा व्यास १६ इंच म्हणजे ४०६ मिमी. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, २०५ च्या ५५ टक्के, म्हणजे ११३ मिमी, ती वर एकदा आणि खाली एकदा. एकूण व्यास ६३ सेंटीमीटरच्या थोडा वर. जाडी सुमारे २१. पुठ्ठा आणि फिल्म धरून नग होतो ६४ × ६४ × २३. चाक गोल असलं तरी माप चौकोनी खोक्याचंच धरतात, त्यामुळे चार कोपऱ्यांतल्या रिकाम्या जागेचंही, म्हणजे सुमारे २१ टक्के, भाडं पडतं. ५००० ने भागलं की १८.८ किलो. अलॉय साडेनऊ-दहा आणि टायर नऊ-साडेनऊ धरला तर काट्यावर एक चाक १९ च्या आसपास भरतं. दोन्ही वजनं जवळपास सारखीच. सीएफटी ६ ने हेच चाक २० किलो होतं, ८ ने २६.६ आणि १० ने ३३.३. वरचे १३३ किलो आले ते इथूनच.

छोट्या गाडीचं १६५/८० आर१४ स्टील डिस्कचं चाक मोजलं तरी चित्र फारसं बदलत नाही. काट्यावर १४-१५, मापाने १५.

म्हणूनच ‘टायर काढून वेगळे पाठवले तर स्वस्त पडेल’ हा सल्ला बहुतेक वेळा तोट्याचा असतो. टायर काढला की त्याच्या मधली पोकळी रिकामी राहते, आणि तिचंही भाडं द्यावं लागतं. सुटा टायर काट्यावर नऊ-साडेनऊ किलो, पण ६४ × ६४ × २२ मापाने १८. सुटं अलॉय साडेनऊ-दहा किलोचं, पण त्याची कड टायरविना उघडी पडते, म्हणून खोक्यात चारही बाजूंनी तीन सेंटीमीटर फोम घालावा लागतो. खोकं होतं ५० × ५० × २६, म्हणजे १३ किलो. ५००० च्या भाजकानेच चार टायर ७२ आणि चार अलॉय ५२, मिळून १२४. टायरसकट पाठवले असते तर ७६ मध्ये काम झालं असतं, शिवाय तिकडे टायर चढवणं आणि बॅलन्सिंग हा खर्च वेगळा. टायर खरोखर जुने असतील तर गोष्ट निराळी. टायर कधी बनला ते साइडवॉलवर चार अंकांत असतं, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. सहा वर्षांहून जुना, भेगाळलेला टायर भाडं भरून नेण्यात काही अर्थ नाही. तेव्हा नुसती अलॉय पाठवावीत.

पॅकिंगचा नियम यातूनच निघतो: काट्यावरचं वजन थोडं वाढलं तरी चालेल, माप वाढू द्यायचं नाही. काळजीपोटी पाच-पाच सेंटीमीटर थर्माकोल घालून खोकं केलं तर ते ७४ × ७४ × ३३ होतं, आणि १९ किलोचं चाक ३६ किलोचं. टायर हेच चाकाचं सर्वांत चांगलं पॅकिंग आहे. जपायचा असतो तो फक्त रिमचा दर्शनी भाग.

चाक धुऊन पूर्ण कोरडं करा, ओल राहिली तर पुठ्ठा नरम पडतो. मधली टोपी काढून वेगळी गुंडाळा, कारण दाब बसला की पहिली तीच तुटते. हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवा. सगळी सोडली तर आदळआपट होताना बीड, म्हणजे टायरची रिमला घट्ट बसणारी कड, रिमवरून सुटू शकतो. दर्शनी बाजूला पातळ फोमचा तुकडा, त्यावर पाच पदरी पुठ्ठ्याची गोल चकती, रिमपेक्षा चार सेंटीमीटर मोठी, म्हणजे तिची कड टायरवर टेकते. मागच्या बाजूला साधी तीन पदरी पुरते. मग स्ट्रेच फिल्मचे सात-आठ घट्ट वेढे. टेप थेट रबरावर चिकटत नाही, आधी फिल्म आणि मगच टेप. प्लास्टिकची पट्टी आऱ्यांमधून ओवू नका, हादऱ्यांनी घासून ती रंग उडवते. पत्ता चकतीवर लावा. टायरच्या नक्षीवर लावलेलं लेबल पहिल्याच गोदामात जातं, कारण हमाल चाक घरंगळत नेतात आणि तसंच नेणार. एक चिठ्ठी फिल्मच्या आतही ठेवा.

आरे साइडवॉलच्या बाहेर डोकावत असतील, कमी उंचीच्या टायरमध्ये असं होतं, तर टायरच्या साइडवॉलवर पुठ्ठ्याची रिंग ठेवून चकती उचलून घ्या. तिथे दोन सेंटीमीटर माप वाढलं तरी वाढू द्या.

दोन चाकं तोंडाला तोंड लावून बांधली की दोघांचं मिळून माप तेवढंच राहतं, एका नगाचं वजन मात्र ३८ किलो होतं. ते एकट्याने अलगद उतरवणं अवघड, म्हणजे नग आपटणार. चार चाकं चार सुटे नग म्हणून द्यावीत, पण बिल्टी एकच करावी. किमान वजन आणि डॉकेटचा, म्हणजे बिल्टी बनवण्याचा, आकार बिल्टीमागे लागतो, त्यामुळे चार बिल्ट्या केल्या तर तो चौपट होतो. हमाली नगावर आहे की वजनावर, पोच गोदामात की दारात, हेही तेव्हाच लिहून घ्या.

माप घेताना समोर उभे राहा. पट्टीची गाठ किंवा फुगलेली फिल्म धरून ६५ × ६५ × २४ लिहिलं गेलं तर चाकामागे दीड किलो वाढतं. नगावर मोजायचा टेप धरलेला फोटो आणि काट्याचा आकडा, दोन्ही जवळ ठेवा.

राहिला नुकसानीचा प्रश्न. रस्ते वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखाली, मालाची जास्त किंमत जाहीर करून जादा दर भरला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. भाडं ९०० रुपये असेल तर ९,००० रुपये, चाकं ४० हजारांची असली तरी. किंमत बिल्टीवर लिहवून घ्या, आणि माल सोडवताना पुठ्ठा दबलेला किंवा फाटलेला दिसला तर सही करण्याआधी तसा शेरा पोचपावतीवरच मारा.